पोटात लागलेलं भेकर

परवा दुपारी चारच्या सुमाराला कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला गेलो आणि रानातून भेकर ओरडलं. एकदा. मग थोडं थांबून पुन्हा. मग चालूच. घसा बसलेल्या कुत्र्यासारखं ओरडतं ते. शेजारच्या बाईला खरोखरच कुत्रं वाटतं. दर ऑक्टोबरात ती मला कुंपणावरून विचारते, ह्या कुत्र्याचा मालक कोण आहे, त्याला कौन्सिलचं पत्र जायला पाहिजे. मी सांगतो, मॅडम, ते डियर आहे. ती म्हणते, डियर्स डोन्ट बार्क. बरं बाई, नाही भुंकत.

आत आलो, खिडक्या लावल्या, टीव्ही मोठा केला. तरी ऐकू येतच होतं. तसं ते बारा महिने ओरडतं म्हणतात. उन्हाळ्यात झाडोरा दाट असतो, माझे कानही आता जड झालेत, म्हणून पोचत नसेल. ऑक्टोबरात बीचच्या झाडांची पानं गळली की रान उघडं पडतं आणि आवाज सरळ स्वयंपाकघरात येतो. चार वर्षं झाली. दर वर्षी वाटतं, यंदा त्रास नाही होणार. होतो.

हे रान इंग्लंडातल्या रीडिंग गावाच्या कडेला आहे, कौन्सिलच्या मालकीचं, म्हणजे सगळ्यांचं. फाटकावर पाटी: कुत्री बांधून ठेवा, आग लावू नका, सायकल आणू नका. एका अंगाला मोटरवे. त्याची घरघर चोवीस तास, नदीजवळ राहिल्यासारखी. ऑक्टोबरात आत गेलं की भिजलेल्या पानांचा आणि कुजलेल्या अळंब्यांचा वास येतो, चेस्टनटची काटेरी बोंडं डोक्यात पडतात, नेचा तांबडा होऊन आडवा झालेला असतो. लोक फोटो काढतात. काढू देत. मला त्या रंगांचं काही नाही. मला त्यातलं फक्त तांबडं दिसतं.

गेल्या महिन्यात फाटकावर नवी पाटी लागली. डियर मॅनेजमेंट, सकाळी सहा ते नऊ वाट बंद. मॅनेजमेंट म्हणजे बंदूक. झाडाला शिडी लावून एक माणूस वर बसतो आणि लांबून टिपतो. नेम पक्का असतो म्हणे त्याचा. असो बापडा. माझा नव्हता.

ह्या रानात भेकर आहे हे आम्हाला घर घेतलं त्याच वर्षी कळलं. हिरा मागच्या बागेत कपडे वाळत घालत होती, मी शेडचं दार बसवत होतो. आवाज आला. दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

“भेकर,” ती म्हणाली.

“येडी का काय. इथं कुठलं भेकर.”

“तुझ्या बापानं ऐकलं असतं ना तुझं, कानाखाली वाजवली असती.”

रानाची देखरेख करणारी एक रेंजर बाई होती, तिला जाऊन विचारलं. ती म्हणाली, बरोबर आहे, ह्याला मंटजॅक म्हणतात. तुमच्याकडच्याचा चुलतभाऊ, पण हा चीनचा. कुणा लॉर्डानं हौसेनं आपल्या बागेत आणला, तिथून पळाला, आता सगळीकडे झालाय, ब्लूबेलची फुलं खातो, आम्हाला नको झालाय. घरी येईपर्यंत हिरा हसत होती. “म्हणजे आपल्यासारखंच. आणलं यांनीच, आणि आता म्हणतात फार झाले.”

आम्ही दोघं एकाच पाड्यावरचे, पेठ तालुक्यातले. तिचं घर वर, आमचं खाली नाल्याला. ती शाळेत हुशार, नाशकाला जाऊन नर्स झाली. मी सातवी नापास. इथल्या हॉस्पिटलला नर्सा पाहिजे होत्या, ती पुढं आली, वर्षानं मी आलो. पाड्यावर म्हणाले, बायकोचा पदर धरून गेला. गेलोच. त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत तीस वर्षं चादरी धुतल्या. ती माणसं सांभाळायची, मी त्यांच्या चादरी. पाहुण्यांसमोर ती मला अहो म्हणायची, पाहुणे गेले की तू. पाड्यावर सगळ्याच बाया नवऱ्याला तू म्हणतात. मला तेच बरं वाटायचं.

माझा बाप तिरकामठ्याचा माणूस. कामठा बांबूचा, दोरीसुद्धा बांबूच्याच कांबीची. चुलीच्या वर धुरात टांगलेला असायचा, म्हणजे त्याला ओल धरत नाही आणि ताण जात नाही. नागलीची कापणी झाली की बाप आणि आणखी दोघं भल्या पहाटे निघायचे. आवळ्याखाली भेकर येतं, पडलेले आवळे खायला. पुढं शिकार बंद झाली, फॉरेस्टवाले आले, बापानं कामठा आढ्याला बांधला तो शेवटपर्यंत सोडला नाही. पण त्याच्याआधी मी त्याच्याबरोबर चार हिवाळे हिंडलो. तीर मारायला त्यानं मला दोनदाच दिला. ते सोपं असतं म्हणायचा. पुढचं अवघड.

पुढचं म्हणजे असं. तीर लागलेलं जनावर पळालं तर माग काढायचा. एक दिवस लागो, तीन दिवस लागोत, सापडेपर्यंत काढायचा. जो सोडून येईल त्याच्या हातचं पाणी पाड्यावर कुणी पीत नसे. त्याची बायकोसुद्धा. भांडण नाही, शिव्या नाहीत, पंच नाहीत. तांब्या पुढं केला की समोरचा माणूस नुसता हात जोडायचा. एकदा आमच्या बापावर अशी वेळ आली होती. डोक्यावर घोंगडी घेऊन तो दोन दिवस रानात फिरला, तिसऱ्या दिवशी आला, म्हणाला, सापडलं, पुरलं. आईनं त्याच्या हातून पाणी घेतलं आणि मग भाकर टाकली. मी दहा वर्षांचा असेन. मला तेव्हा वाटलं होतं, मोठी माणसं कशाचंही अवडंबर करतात.

हिराला पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा तिनं डॉक्टरच्या आधी ओळखला होता. एवढ्या वर्षांची नर्स, तिला कोण काय सांगणार. जीपीनं, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरनं, तिला दुधाच्या छोट्या बाटल्या लिहून दिल्या, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या, ताकद येते म्हणून. ती म्हणाली, “ह्या मी वॉर्डात जन्मभर दुसऱ्यांना पाजल्या. इतक्या घाण लागतात हे एकानंही सांगितलं नाही मला.” खिचडी करून पाहिली, पेज करून पाहिली. मुलगी मीना ईलिंगवरून डबे आणायची. झाकण उघडलं की हिरा तोंड फिरवायची. सप्टेंबर संपला तेव्हा ती दिवसाला चार चमचे खात होती आणि ते मला मोजता येत होते.

मग एका संध्याकाळी रानातून ते ओरडलं. हिरा खिडकीशी पलंगावर होती, खालच्याच खोलीत, जिना तिला चढवत नव्हता. डोळे मिटलेले. म्हणाली, “भेकराचं कालवण खावंसं वाटतंय.”

एवढंच. दीड महिन्यात पहिल्यांदा ह्या बाईनं खावंसं वाटतंय म्हटलं होतं.

कालवण म्हणजे आमच्याकडचं. धुरावलेलं मटण, वाटलेली खुरासणी, लाल मिरची, बाकी काही नाही. खुरासणी इथं मिळत नाही असं आम्ही वीस वर्षं समजत होतो. मग गार्डन सेंटरात सापडली, पाखरांच्या खाण्याच्या कपाटात, नायजर सीड म्हणून पिशव्या. आम्ही मोठ्या पिशव्या आणायचो, हिरा पाट्यावर वाटायची. काउंटरवरची मुलगी म्हणायची, तुम्ही बर्ड लव्हर्स दिसता. हिरा म्हणायची, येस, व्हेरी मच.

मीनाला सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, त्यात काय, सुपरमार्केटमध्ये व्हेनिसन, हरणाचं मटण, मिळतं की. मी आणते.” आणलं. प्लास्टिकच्या डबीत, चौकोनी तुकडे, वर गवताचं चित्र. मी खुरासणी वाटली, शेडच्या मागं दगड मांडून लाकडावर शिजवलं, धूर लागावा म्हणून. शेजारची बाई कुंपणावर आली, एव्हरीथिंग ऑलराइट? ऑलराइट. हिरानं एक तुकडा चघळला. बराच वेळ चघळला. मग रुमालात काढला. “पाळीव आहे हे. ह्याला पळायला कधी लागलेलंच नाही.” आणि मला दिलासा द्यावा तसं म्हणाली, “मसाला छान झालाय.”

ती तसं म्हणाली नसती तर मी कदाचित गेलो नसतो.

ह्या देशात जनावरावर तीर मारणं गुन्हा आहे. बंदुकीला परवाना मिळतो, तिराला मिळत नाही. मला ठाऊक होतं. मी वेड लागून गेलो असं कुणाला वाटायला नको, मी सगळं माहीत असून गेलो. पलीकडच्या शेजाऱ्याच्या बागेच्या कोपऱ्यात बांबूचं बेट माजलंय, तो स्वतःच शिव्या घालतो त्याला. त्यातले दोन मागितले. तासले, कांब काढली. ओला बांबू, तो मुरायला एक उन्हाळा पाहिजे, माझ्याकडं उन्हाळा नव्हता. चूलही नव्हती. मग बॉयलरच्या कपाटात टॉवेलांच्या मागं उभा करून ठेवला, दहा दिवस. वाटलं, ऊब ती ऊब. धुराचं काम बॉयलरवर भागवलं आणि ते भागलं असं धरून चाललो. बापानं पाहिलं असतं तर मोडून चुलीत घातला असता.

बागेत कंपोस्टच्या गोणीवर तीर मारून पाहिले. हिरा आतून ऐकत असणार. मी काही सांगितलं नाही.

मीना त्या आठवड्यात सुट्टी घेऊन आमच्याकडंच राहिली होती. मी तिला म्हटलं, पाय मोकळे करून येतो. कामठा मोठ्या कोटाच्या आत. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा हॅट घालून रानात चाललाय, कोण संशय घेणार. दोन कुत्रेवाले भेटले, दोघांनी हॅलो म्हटलं.

मोटरवेच्या बाजूला हॉलीच्या झुडपांत भेकरांची वाट होती, मला वर्षानुवर्षं ठाऊक. वारा तोंडावर घेऊन बसलो. पाऊस नव्हता पण सगळं ओलं, बुडाखालची पानंसुद्धा. तासभर काही नाही. मग ती आली. मादी. पाठ वाकलेली, ढोपराएवढी उंच, तांबूस. तोंडात एक पान, ते खाता खाता चालली होती. पंधरा पावलं. मी ताणला. खांद्यातून कळ गेली, लाँड्रीची जुनी कळ. आणि हाताला लगेच समजलं की कामठ्यात जीव नाही, ओल धरलीय. तेव्हा सोडायला नको होता. हात खाली घ्यायला पाहिजे होता. एवढंच करायचं होतं मला, हात खाली घ्यायचा होता.

सोडला. तीर खाली गेला. पोटात.

ती ओरडली नाही. शेपटीचं पांढरं वर करून गेली.

पोटात लागलं की लगेच मागं धावायचं नाही, हे बापानं शिकवलेलं. जनावराला बसू द्यायचं. मी बसलो. मग उठून माग काढायला लागलो. पानावर एक थेंब, मग सात पावलांवर दुसरा, थेंबात हिरवं मिसळलेलं. हिरवं म्हणजे आतडं. म्हणजे जनावर मरणार हे नक्की, आणि पटकन मरणार नाही हेही नक्की. पन्नास-साठ पावलं गेलो असेन, उजेड उतरत होता, आणि खिशातला फोन वाजला.

“बाबा, तुम्ही कुठे आहात? आईला श्वास नीट घेता येत नाहीये. प्लीज, लगेच या.”

पानांकडं पाहिलं. पुढचा थेंब दिसत होता. मी वळलो.

आता लोक म्हणतील, बायकोचा श्वास अडकला, माणूस जनावराच्या मागं जाईल का. नाही जाणार. मीही नाही गेलो. पुन्हा तशी वेळ आली तरी नाही जाणार. म्हणून जे सोडून आलो ते कमी होत नाही.

घरी पोचलो तर डिस्ट्रिक्ट नर्स येऊन गेलेली. औषध दिलेलं, हिरा उशांना टेकून बसलेली, श्वास ठीक. मीना पलंगाच्या टोकाला बसून रडून झालेली. मी कोट काढला, गॅसजवळचा ग्लास घेतला, चमचा घेतला. पाणी पाजायचं काम माझं होतं. दर अर्ध्या तासाला दोन चमचे. चमचा तोंडाजवळ नेला.

हिरा माझ्या बाहीकडं बघत होती. बाहीवर नेच्याचा तुकडा चिकटलेला होता आणि मनगटाला थोडं लाल.

“लागला?”

“हो.”

“कुठं?”

“पोटात.”

“सापडलं?”

मी चमचा पुन्हा पुढं केला. तिनं दोन्ही हात उचलले. सुयांनी काळे-निळे झालेले हात, त्यांना उचलायलाही वेळ लागला. माझ्यासमोर जोडले.

मीनाला काही कळेना. “आई, काय करतेस? पाणी पी ना. बाबा, काय झालं? व्हॉट इज धिस?”

“मीना, तू दे,” हिरा म्हणाली.

मीनानं पाजलं. पन्नास वर्षं इंग्लंडात काढलेली बाई. वॉर्ड सिस्टर होऊन रिटायर झालेली. नव्या नर्सांना ती शिकवायची की पेशंटच्या घरच्या रीतींना हसू नका, पण त्यापायी औषधही चुकवू नका. तिनं त्या संध्याकाळी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. ते मला अजून बोचतं. राग येतो मला तिचा. मेलेल्या बायकोचा राग येतो हे कुणाला सांगावं. म्हटलं असतं तिनं, जाऊ दे रे, तू माझ्यासाठीच गेलास. म्हणाली नाही.

सकाळी उजाडता उजाडता गेलो. बागेतलं खुरपं घेतलं आणि स्वयंपाकघरातली सुरी. रात्रीतून थेंब धुऊन गेले होते, पण मोडलेला नेचा दिसत होता. ती मोटरवेच्या कुंपणाशी नाल्यात पडली होती. जिवंत. रात्रभर जिवंत. पानांत पायांनी खळगा पडला होता, इतके पाय झाडले होते. माझ्याकडं पाहिलं, उठायला गेली, मागचं अंग उठलं नाही. डोळ्यांच्या खाली त्यांना दुसऱ्या डोळ्यासारखी खाच असते, ती उघडत मिटत होती. पलीकडून ट्रक जात होते.

काम केलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मांस खाण्याजोगं नव्हतं. पोट फुटून रात्र गेलेली, वासच सांगत होता. खुरप्यानं खड्डा करायला लागलो. मुळं फार. तेवढ्यात वरच्या वाटेवरून एक बाई कुत्रं घेऊन आली. मी हात मागं घेतले.

“लव्हली मॉर्निंग!” ती म्हणाली.

“लव्हली,” मी म्हटलं. ती गेल्यावर खड्डा पुरा केला आणि पुरलं.

घरी आलो, हात धुतले, कपडे बदलले, मग आत गेलो. मीना वर झोपलेली. हिरा जागी होती.

“सापडलं?”

“सापडलं. पुरलं.”

“जिवंत होतं?”

मी म्हटलं, “नाही. कालच संपलं असणार. लगेच गेलं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. माणूस कसा मरतो आणि नातेवाइकांना काय सांगतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. तिनं कितीदा सांगितलं असेल ते वाक्य, कॉरिडॉरमध्ये, लोकांचा हात धरून. मग म्हणाली, “दे पाणी.”

दोन चमचे घेतले माझ्या हातून. तिसरा ओठाच्या कडेनं वाहून गेला. तिला पटलं म्हणून घेतलं, का मी दमलेला दिसलो म्हणून, मला माहीत नाही. कालवणाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही. ती काही न खाताच गेली.

आठव्या दिवशी गेली. मी केमिस्टकडं होतो, तिच्याच औषधाच्या रांगेत, पुढच्या बाईचं काहीतरी चुकलं होतं म्हणून वीस मिनिटं उभा. परत आलो तर दार उघडं होतं. मीना सिंकपाशी पाठमोरी उभी, ग्लास धूत होती. नळ चालूच होता.

“बाबा,” ती म्हणाली, “आई गेली. लगेच गेली. काही त्रास नाही झाला.”

वळून न बघताच म्हणाली. मी पिशवी टेबलावर ठेवली. म्हटलं, बरं.

नंतर फुलं आली, कार्डं आली, बर्मिंगहॅमची मंडळी आली, सगळ्यांनी तेच सांगितलं. शांतपणे गेली ना, तेवढं बरं झालं. मी मान हलवत राहिलो. मीनाला एकटीला गाठून, तिच्या तोंडाकडं बघून, मी विचारू शकलो असतो. चार वर्षांत शंभर वेळा ती माझ्यासमोर बसलीय. चहा पिते, कामाचं सांगते, मधेच गप्प होते आणि मी काही विचारतोय का ह्याची वाट बघते. मला ते दिसतं. मी विषय बदलतो.

परवाही तिचा फोन आला. मागं ते ओरडत होतं, तिलाही ऐकू गेलं असेल.

“बाबा, जेवलात का?”

मी म्हटलं, जेवलो.